दीडशे ग्रॅम

"डेढ़ सौ ग्राम ज़्यादा," पंचबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

मैत्री काट्यावरून उतरली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. दिल्लीच्या बॉक्सिंग संघाची आज निवड होती आणि तिचा गट होता सत्तावन्न किलोंचा. लग्न आणि बाळंतपण यांत दोन वर्षं गेली होती. या वेळी हुकलं तर पुढे कोणी विचारणार नाही, हे तिच्या कोचनी, राजीव सरांनी, स्पष्टच सांगितलं होतं. वजनं घेण्याची वेळ संपण्याआधी आणखी एकदा काट्यावर उभं राहता येणार होतं. एकदाच.

दाराबाहेर राजीव सर घाम गाळायचं रबरी जॅकेट आणि उड्यांची दोरी घेऊन तयारच होते. त्यांच्या शेजारी सासूबाई, कमलाबाई. त्यांच्या कडेवर आठ महिन्यांचा अर्णव. आई सकाळपासून आत रांगेत अडकलेली, त्यामुळे त्याने सगळा हॉल डोक्यावर घेतला होता.

"आधी याला घे," कमलाबाई म्हणाल्या.

"आई, आत्ता?"

"आत्ताच."

झालं, मैत्रीला वाटलं. सासूबाईंनी अखेर डाव साधला.

कमलाबाईंना बॉक्सिंग आवडत नाही, हे सरोजिनी नगरच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये दूधवाल्यालाही ठाऊक होतं. बाळंतपणात डिंकाचे लाडू आणि हळिवाची खीर चारून चारून त्यांनीच सुनेला अडुसष्ट किलोंवर नेऊन ठेवलं होतं. सुनेने पुन्हा रिंगमध्ये उतरायचं काढलं तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही. फक्त अट घातली. "तू खुशाल उतर, पण हा चढला पाहिजे. उपाशी राहिलीस आणि याचं दूध आटलं, तर तुझे ते ग्लोव्ह्ज बोहारणीला देऊन टाकीन."

अट मैत्रीला मनापासून पटली होती. लग्नाआधी एका स्पर्धेच्या वेळी तिने पाणीसुद्धा न पिता वजन उतरवलं होतं आणि दुसऱ्याच फेरीत, समोरचीने हात उचलायच्या आत, ती आडवी झाली होती. तसलं पुन्हा नको होतं. मग लाडू बंद झाले, चहातली साखर गेली. भाकरी, वरण, पालेभाजी मात्र पोटभर. नवरा, बुद्धभूषण, सकाळी मानेसरच्या कारखान्याची बस पकडायला निघाला की ती बाळाला सासूबाईंच्या हवाली करून मैदान गाठायची. एक किलो उतरायला पंधरवडा लागायचा. राजीव सर वैतागायचे. मैत्रीची झोप मात्र शाबूत होती आणि पायांत जोर परत येत होता.

दर आठवड्याला कमलाबाई दोघांना दवाखान्यात घेऊन जायच्या. सुनेचं वजन उतरलंय ना, नातवाचं चढलंय ना, हे बघायला. तिथे त्या थोडी लबाडीही करायच्या. अर्णवला काट्यावर ठेवण्याआधी हटकून पाजायला लावायच्या. आकडा चांगला दिसतो म्हणे! नर्स हसायची, मैत्री हसायची. कमलाबाई हसायच्या नाहीत.

"मैत्री, टाइम नहीं है! रस्सी पकड़!" राजीव सर ओरडले.

मैत्रीने दोरीकडे पाहिलं. मग अर्णवकडे. रडून रडून तो लालबुंद झाला होता आणि तिच्याकडे झेपावत होता. त्याला तसाच टाकून उड्या मारणं तिला जमेना.

"सर, पहले ये," ती म्हणाली आणि त्याला घेऊन आतल्या बाकावर जाऊन बसली. राजीव सरांनी दोरी जमिनीवर आपटली.

ओढणीखाली अर्णव दूध पीत होता आणि वर मैत्री रडत होती. संघ गेला, दोन वर्षांची आस गेली. सासूबाईंचा राग आला आणि मग बाळाकडे बघून तोही टिकला नाही. तटतटलेली छाती हलकी होत होती, तेवढंच काय ते बरं वाटत होतं. अर्णवला कसलीच घाई नव्हती. एका बाजूचं झालं, मग दुसऱ्या बाजूचं. शेवटी त्याने भलीमोठी ढेकर दिली आणि तो झोपला.

"सत्तावन! आखिरी मौक़ा!" पंचबाईंनी पुकारा केला.

दाराशी उभ्या असलेल्या कमलाबाईंकडे बाळ देऊन मैत्री नुसती हजेरी लावायला काट्यावर चढली. काटा थरथरला आणि थांबला. पंचबाई वाकल्या. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"सत्तावन। बिल्कुल बराबर।" मग त्यांनी मैत्रीकडे पाहिलं. "रस्सी तो कूदी नहीं तूने। किया क्या?"

मैत्रीचा जीव भांड्यात पडला. पण काय केलं ते तिलाही उमगत नव्हतं. धावतच ती दारापाशी आली. बाहेर राजीव सर दोरीची गुंडाळी करून छताकडे बघत उभे होते. कमलाबाई नातवाच्या हनुवटीवरचा दुधाचा ओघळ पदराने टिपत होत्या.

"आई, बसलं वजन! अहो पण दीडशे ग्रॅम गेले कुठे?"

"जातायत कुठे," कमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी झोपलेला अर्णव तिच्यापुढे धरला. "उचलून बघ."