काचेवरचं तळं

कापसाच्या गाडीत लपवलेला कॅमेरा. बंदुका लादलेली गोऱ्या साहेबाची मोटार. थंडीत आलेले पाहुणे पक्षी. अमरावतीत पडदानशीन बायकांचे फोटो काढणाऱ्या रजियाबीने तो कॅमेरा शहराबाहेरच्या तळ्यावर नेऊन हे पाहुणे करकोचे टिपले होते. दुकानातला तो फोटो पाहून साहेबाचा कारकून देवीदास आत शिरला. “तळं कुठं हाये, रजियाबी? साहेबाले शिकारीले जायचं हाये.” “सांगत नाई. बडनेऱ्याच्या बाजारात कोंबड्या हायेत, त्या मारा म्हणा.” “दुकानाले कुलूप लागते मंग!” “लागू द्या.” देवीदासने फोटो डोळ्यांशी नेला. “मागं देऊळ दिसून राह्यलं. फोटोची काच द्या, तिच्यावरून मोठा फोटो काढून जागा ओळखतो.” रजियाबीने तो फोटो जिच्यावरून छापला होता ती मूळ काच आणली आणि त्याच्यासमोरच सुरीने देऊळ, टेकडी, काठ खरवडून टाकले. मग त्याच्या हातातला फोटो फाडला. “घ्या काच. आता शोधा.” त्या काचेसाठी ती सकाळभर कमरेइतक्या गार पाण्यात उभी होती.