खडूची रेघ

विद्यापीठाच्या नामांतराचा बंद सरला आणि वाळूजच्या एका कारखान्यात वॉचमनची भरती निघाली. गेटच्या खांबावर साडेपाच फुटांवर खडूची रेघ ओढली होती. मुंजाबाचा बी.ए. झालेला पोरगा त्रिंबक दोन इंच कमी भरला.

"साहेब, अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्ष माझ्याएवढाच होता. पाच फूट चार इंच."

"असेल. पण त्याच्या दारावर उभी राहणारी माणसं उंच असतील ना!" साहेब हसले. मग त्यांची नजर पोरासोबत येऊन बाजूला बसलेल्या मुंजाबावर गेली. मेंढरांमागं जन्म गेला, तरी गडी ताठ, चांगला उंचापुरा.

"बाबा, तुम्ही उभे राहा बरं रेघेपाशी."

मुंजाबानं पोराची खाली गेलेली मान पाहिली.

"मी बी पोराएवढाच भरतो, साहेब," म्हणत तो खांबाला टेकला.

धोतरातले वाकवलेले गुडघे कुणाला दिसले नाहीत.