निम्मं धाकटीचं

"निम्मं धाकटीला दे गं!"

सासूबाईंचा हा आवाज पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने पहिल्यांदा ऐकला तो लग्नाच्या बोलणीच्या वेळी. आतल्या खोलीतून आलेला, भिंतीला तडा जाईल असा. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांच्या थोरल्या लेकीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातात तो आवाज राहून गेला. फळ असो, साबणाची वडी असो, चांगल्या दोऱ्याचं रीळ असो, ती आधी त्याचे दोन भाग करी आणि मोठा भाग धाकटीला धाडी.

आज भेटीच्या वेळेला वॉर्डाच्या दारात पिशवी घेऊन धाकटी उभी राहिली, आणि बाइंडरच्या कानात तो आवाज पुन्हा घुमला.

"काय दाजी, भूत बघितल्यासारखे बघताय! थोरली बोलली नाही वाटतं?"

"मीच म्हटलं, आली की कळेल," थोरली पलंगावरून म्हणाली. "ये गं, बस इथे. पोटाला धक्का लावू नको, शिवलंय मला. टाके बरे आहेत, पण माझ्या हातचे नव्हेत."

थोरलीने जन्मभर पुस्तकं शिवली होती. नवरा छापील कागदांचे फर्मे दुमडून द्यायचा, ती सुई ओवायची. तिच्या हातचं पुस्तक फाटेल, पण उसवणार नाही. वाचता मात्र तिला एक अक्षर येत नव्हतं.

धाकटीने पिशवी उघडली. नवा टॉवेल, नवा पेला, दवाखान्यात राहायला म्हणून घेतलेले. पेल्यावर किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती. थोरलीने बहिणीचा हात धरून नवऱ्यापुढे केला.

"हिलाही तीच गाठ आहे. खर्चाच्या धाकाने लपवून बसली होती बया. मी फोनवर म्हटलं, अगं वेडे, खर्च कसला? सरकारची योजना आलीय. माझं सगळं फुकट झालं, मग तुझं का नाही होणार? जा हो, हिला खाली घेऊन जा. नाव घालून या."

भिंतीवर टीव्ही चालू होता. रोग्यांना त्रास नको म्हणून आवाज बंद. चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर तोंड उघडून ओरडत होती. थोरलीने त्यातल्या चष्मेवाल्याला हात जोडले.

"हा बघ, हा आपला. घसा फुटेस्तोवर भांडतो बिचारा आपल्यासाठी."

बाइंडरने खालची पळती ओळ वाचली. उपचार फुकट केले तर लोक ऊठसूट आजारी पडतील, असं तो चष्मेवाला म्हणत होता. योजनेचा निर्णय पुढच्या अधिवेशनावर ढकलला होता.

ऑपरेशनआधी याच पडद्याकडे बाइंडरने बोट दाखवलं होतं. डॉक्टरांनी खर्च सांगितला तशी थोरली पायात चपला सरकवून दाराकडे निघाली होती. 'मला नाही शिवून घ्यायचं. चला घरी.' तेव्हा तो म्हणाला होता, 'अगं, ते बघ तरी! योजना मंजूर झाली. आपलं नाव बसलंय त्यात.' तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि चपला काढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कागद कापायचं यंत्र टेम्पोत चढलं. त्याच्या मागोमाग पुस्तकं दाबायचं यंत्र, आणि मग दुकानाची किल्ली.

"चला ना दाजी," धाकटी म्हणाली. "मी तर मरायच्या तयारीने शेजारणींना भांडी वाटून बसले होते. आता ती परत कुठल्या तोंडाने मागू?"

थोरली पोट धरून हसली. "हसवू नको गं, टाका तुटेल."

बाइंडर उठला. खाली खिडकीत काचेमागे बसणारा माणूस फार गोड बोलायचा. आधी रक्कम, मग पलंग, हे तो पाहुण्याला पाणी विचारावं तसं सांगायचा. त्या काचेपुढे हिला उभं करायचं. बाइंडर पुन्हा खाली बसला.

"काय हो, चक्कर आली का?" थोरलीने त्याचा हात ओढून घेतला, आणि ती थबकली. तिने त्याची बोटं उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. नखांत पुस्तकं चिकटवायची खळ नव्हती. एवढ्या संसारात घासघासून कधी निघाली नव्हती ती खळ.

"हात इतके स्वच्छ कसे तुमचे?"

तो पडद्याकडे पाहत राहिला. तिथे चौघांचीही तोंडं उघडी होती.

"धाकटे," तो म्हणाला, "योजना नाहीये. कधीच नव्हती. ते अजून भांडतायत. हिच्यासाठी दुकान विकलं मी. तुझ्यासाठी विकायला आता माझ्याकडे काही नाही."

दाजींच्या थट्टेची धाकटीला सवय होती. ती हसू लागली, आणि ते हसू उतरायचं विसरून तसंच तोंडावर राहिलं. मग तिने पेला उचलून टॉवेलात गुंडाळला.

"चिठ्ठी आहे अजून," ती म्हणाली. "पेला परत घेतील."

थोरलीने नवऱ्याचा हात सोडला. पोटावरच्या पट्टीवरून तिने हळूहळू बोटं फिरवली, पुस्तकाची शिवण चाचपावी तशी.

"मग उसवा हे," ती म्हणाली. "उसवा, आणि निम्मं हिला द्या."