नजरेचा माग

आचल आजही तिथंच थांबली. चौकातल्या रसवंतीच्या गाडीच्या थोडं अलीकडे उभं राहून तिनं ओढणी नीट केली, गालावरची बट कानामागं सारली आणि मान वर करून कुणाकडे तरी पाहिलं. मग हसली. समोरच्या पडद्यावर बायकोचं ते हसू पाहून गजेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात ताट वाढताना ती कधी अशी हसल्याचं त्याला आठवेना.

शहरभरच्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं जिथं दिसतात त्या खोलीत गजेंद्र कामाला होता. खोली सरकारी, पगार ठेकेदाराचा. पण या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची रीतच वेगळी. ज्याचा संशय आला त्याच्याकडे पाहत बसायचं नाही. तो जिकडे पाहतो तिकडे कॅमेरा वळवायचा. अशानंच त्यानं मंगळसूत्र ओढणारी एक जोडगोळी पकडून दिली होती. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली होती.

तीच रीत त्यानं बायकोला लावली. आचल खांबाच्या दिशेनं वर पाहत होती. म्हणजे जो कोण होता, तो खांबाच्या मागं असणार. गजेंद्रनं हातातली दांडी फिरवली आणि खांबावरचा तो थोराड कॅमेरा सगळाच्या सगळा मागं वळला. मागं एक इमारत होती. पहिल्या मजल्यावर इंग्रजी शिकवण्याचा क्लास. गॅलरीत क्लास चालवणारे शेखर सर चहाचा कप घेऊन उभे. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेला भांग, आणि ओठांवर मंद हसू. दांडी पुन्हा फिरवून पाहतो तो आचल निघून गेलेली.

मग हे रोजचंच झालं. कॉटन मार्केटकडून ती चालत येई, थांबे, सजे, हसे. हा कॅमेरा वळवी. गॅलरीत सर असत. कधी नसत, तेव्हा गजेंद्रला वाटे, आत्ताच आत गेला हरामखोर. शंकेला पुरावा लागतो कुठं? घरी तो आधीच मोजकं बोलायचा, आता तर त्यानं चकार शब्द काढला नाही. काय विचारायचं? ती कुठून आली, कुठं थांबली, तिनं आज कोणती ओढणी घेतली होती, सगळं त्याला ठाऊकच होतं. तो मुकाट्यानं जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. हळूहळू आचलही गप्प झाली. मनात पाप असल्यावर तोंडातून शब्द कसा फुटेल, असं म्हणून तो आतल्या आत जळत राहिला.

शेवटी त्यानं क्लासच्या पाटीवरचा नंबर कॅमेऱ्यातूनच टिपला आणि शेजारच्या खोलीतल्या ओमप्रकाशकडे गेला. लोकांच्या फोनचा तपशील काढायचं काम या हवालदाराकडे होतं.

"कारण काय लिहू?" ओमप्रकाशनं विचारलं.

"रस्त्यावरच्या बायापोरीवर नजर ठेवून रायते तो मानूस," गजेंद्र म्हणाला. "तसंच लिही."

तपशील आला. आचलचा नंबर त्यात एकदाही नव्हता. दुसऱ्या एखाद्या नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला असता. गजेंद्रला वाटलं, म्हणजे यांच्याकडे वेगळे फोन आहेत! तो आणखीच पेटला. पण ओमप्रकाशनं लिहिलेलं कारण वाया गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन पोलीस क्लासचा जिना चढले आणि सगळ्या पोरापोरींसमोर शेखर सरांना दंडाला धरून खाली घेऊन आले. सर हात जोडून काहीतरी सांगत होते. गजेंद्रनं चित्र मोठं केलं आणि ते डोळे भरून पाहिलं. त्याच्या जिवाला थंडावा मिळाला.

त्याच्या पुढच्या दिवशीही आचल आली. थांबली. मान वर करून हसली. सवयीनं गजेंद्रनं कॅमेरा मागं वळवला. क्लासला कुलूप होतं. सर अजून ठाण्यातच होते. त्यानं घाईनं कॅमेरा पुन्हा तिच्याकडे आणला. आज ती गेली नव्हती. तिथंच उभी राहून ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होती.

यार गेला म्हणून रडते! गजेंद्रनं त्या दिवशी काम अर्धवट टाकलं आणि तडक घर गाठलं. आचल भाकरी थापत होती. त्यानं चपलाही काढल्या नाहीत.

"रडली काहून वं आज चौकात?"

आचलनं चमकून वर पाहिलं. पीठभरला हात तसाच थांबला आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"दिसली मी तुमाले?"

"नाटकं नोको करू. कोनाले पाहून हासत होती तिथं रोज? खरं सांग."

"तुमालेच," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाले पाहू? दिवसभर तुमचं काम, अन् घरी आले का तोंडातून शब्द नाई. म्हटलं, तिथून तरी पायत असतीन. म्हून त्या खांबावरच्या कॅमेऱ्याखाली येऊन उभी रायत होती." तिचा आवाज कापला. "पन मी हासली रे हासली, का तुमी पाठ फिरवत होते."