मिठाची पुडी

सहलीच्या मंडळींना परदेशातही घरचं जेवण मिळावं म्हणून आचारी बरोबर होता. निघण्याआधीच्या तापात त्याच्या तोंडाची चव गेली, पण पोटावर पाय येईल म्हणून तो गप्प बसला. पंधरा दिवस मीठ त्यानं भीतभीत, अंदाजानं घातलं. ताटं रिकामी झाली, की जिवात जीव यायचा. शेवटच्या संध्याकाळी मंडळी त्यालाच तिथल्या खाणावळीत घेऊन गेली. समोर कसलंसं हिरवं कालवण आलं. पहिल्याच घासाला मंडळींतल्या एका काकांनी तोंड वेडंवाकडं केलं. आचाऱ्यानं चमचा तोंडात घातला आणि दात आंबले. “आंबट आहे!” तो ओरडला. “अहो, इतक्या दिवसांनी मला चव लागली!” डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेजारी बसलेल्या सहलीतल्या मावशी बघतच राहिल्या. मग पर्समधून चुरगळलेली मिठाची पुडी काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. “पंधरा दिवस ही टेबलाखालून फिरवत होतो, महाराज. सुटलो एकदाचे!”