जन्माचे तीन कोर्स

हनोईच्या हॉटेलात ऊर्मिलाला ताप चढला आणि जुलाबातून रक्त पडू लागलं. सहलीसोबतच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा अंगठा यंत्रावर टेकवला.

"माणशी जन्मभरात तीनच अँटिबायोटिक कोर्स मिळतात. यांचे तिन्ही संपलेत."

दिगंबररावांनी नजर चुकवली. स्वतःचे म्हातारपणासाठी राखून त्यांनीच बायको झोपलेली असताना तिचा अंगठा यंत्रावर टेकवून तिचे उचलले होते. त्यांना झालेले साधे जुलाब मीठ-साखरेच्या पाण्यानेही थांबले असते. पण सहलीचा दिवस कोण बुडवणार?

"माझ्यातला द्या की," ते मोठ्या मनाने म्हणाले. "तिन्ही शाबूत आहेत."

त्यांच्या अंगठ्यालाही यंत्राने शून्यच दाखवलं. ते बायकोकडे वळले.

"बालीत दोन, इजिप्तमध्ये एक," ऊर्मिला क्षीण आवाजात म्हणाली. "पोट जरासं बिघडलं होतं. मागितला असता, तर दिला असता तुम्ही?"