गुलाबी खूण

नट पुसला तसा त्याच्यावरचा गुलाबी रंग उघडा पडला, आणि गाडीखाली आडवी झालेली थोरली हातात पाना धरून तशीच थांबली.

नटावरून शेजारच्या जोडावर गेलेली बारीक, सरळ रेघ. थोरली ज्या बसडेपोत मेकॅनिक होती तिथेही नट पक्का बसला की अशी रेघ ओढत. पुढे नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. पण डेपोत त्यासाठी पिवळा रंग असतो. हे चक्क नेलपॉलिश होतं.

पिकअप जुनी, थोरलीहून दोनच वर्षांनी लहान. गिअरबॉक्सचं तेल गार व्हायला पुढे रेडिएटरकडे जातं, ते नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या दोन लोखंडी नळ्या गंजल्या होत्या. रोज सकाळी अंगणात लाल तेलाचं थारोळं. आजवर असली कामं बाबा करत. अख्खी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची, गाडीने गॅरेजचं तोंड पाहिलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात जिन्यावरून घसरून पाय मोडला, आणि उस्ताद प्लास्टर मिरवत दारातल्या खुर्चीत बसले.

"खालचे स्टँड नीट बसलेत ना?" बाबांनी चौथ्यांदा विचारलं आणि टॉवेलने मान पुसली.

"बसलेत हो, बाबा."

"मग बघत काय बसलीस? पाना लाव आणि मार जोर."

एकाच पान्याने जोर मारला तर रेडिएटरचा जोडच पिळवटून निघायचा. एका पान्याने जोड धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा, हे डेपोत पहिल्या दिवशी शिकवतात. पाय दुखत असेल, म्हणून बोलून गेले, असं समजून थोरलीने बाजूला हात चाचपला. चहा ठेवायला आलेल्या आईने कुणाचा पाय पडू नये म्हणून सगळे पाने गोळा करून ठेवले होते. हवा तो वरच सापडला.

दुसऱ्या नटावरही गुलाबी रेघ. तिसऱ्यावर, चौथ्यावरही.

आता मात्र थोरलीला चैन पडेना. त्यांच्या घरात नेलपॉलिशची बाटली कधी आलीच नव्हती. आईची नखं कायम मुळापासून कापलेली. दोघी बहिणींनी लहानपणी हट्ट केला तेव्हाही तिने नाहीच म्हटलं होतं.

"बाबा, मागच्या वेळी या नळ्या कुणी बदलल्या?"

"कुणी म्हणजे? मी!"

"मग नटांवर गुलाबी खूण कसली?"

थोरलीने मान बाहेर काढून पाहिलं. बाबांचे कान लाल झाले होते.

"कसली खूण?" ते म्हणाले. "असेल काहीतरी. काम कर."

थापा मारणं बाबांना कधीच जमलं नव्हतं. थोरली पुन्हा गाडीखाली सरकली आणि तिला जुने रविवार आठवले. गाडीचं काम निघालं की फाटक बंद व्हायचं आणि बहिणींची रवानगी शेजारच्या काकूंकडे व्हायची. नेमकी त्याच दिवशी आईची अर्धशिशी उठायची. आतल्या खोलीचं दार लावून ती दिवसभर पडून असायची, आणि दार वाजवायचं नाही अशी ताकीद असायची. संध्याकाळी बाबा ग्रीसने काळे झालेले हात घेऊन फाटकाबाहेर उभे राहायचे. येणारे जाणारे कौतुक करायचे.

म्हणजे आई अंधारात डोकं धरून पडलेली असताना, बंद फाटकाच्या आत, कुणीतरी गुलाबी नखांची...

त्या काळ्या हातांकडे बघूनच ती मेकॅनिक झाली होती. मुलाखतीत तसं अभिमानाने सांगितलंही होतं. सगळं नाटक असेल तर ते हात आता तिला बघवणार नव्हते.

तिने मुकाट्याने नव्या नळ्या रंगाच्या डब्याभोवती हळूहळू वाकवल्या, बसवल्या, नट आवळले, तेल भरलं. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं. काम झालं तसा राग डोक्यात चढला. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून ती हात पुसत बाबांकडे वळली. बाबा खुर्चीतच पेंगत होते.

आई पायरीवर शिवणाचा डबा घेऊन बाबांच्या शर्टाला बटण लावत होती. ती हळूच म्हणाली, "ह्यांना काही विचारू नकोस."

थोरली जागच्या जागी थबकली. "तुला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि तू गप्प बसलीस? इतकी वर्षं?"

"ह्यांची मान खाली गेलेली मला बघवली नसती गं."

"आणि तुझं काय? तू तिकडे खोलीत डोकं धरून..."

"अर्धशिशी मला जन्मात कधी झाली नाही," आई दोरा दाताने तोडत म्हणाली.

थोरलीचे डोळे भरून आले. नवऱ्याचं लफडं झाकायला आईने दुखण्याचं सोंगही केलं होतं तर! "कोण होती ती? नाव तरी सांग."

आईने शर्टाची घडी घातली. शिवणाच्या डब्यात बोटं घालून, रिळांच्या खालून एक बाटली काढली आणि थोरलीच्या तळहातावर ठेवली. तळाशी थोडं गुलाबी नेलपॉलिश उरलं होतं. मग पेंगणाऱ्या नवऱ्याकडे एकदा बघून तिने बाह्या वर सारल्या, गाडीशेजारी अंथरलेल्या पुठ्ठ्यावर पाठ टेकली आणि सफाईने गाडीखाली सरकली.

"रेडिएटरकडे थेंब धरतोय," आतून आवाज आला. "दोन्ही पाने दे."